हात शेवटी

२०२४ च्या डिसेंबरात मुलगा, सून आणि नातू अमेरिकेहून घरी आले. बालाघाटच्या आमच्या ओसरीत बॅगा उघडल्या, आणि कपड्यांच्या घड्यांतून एकामागून एक रंगीत ताटल्या निघू लागल्या. लाल, निळ्या, पिवळ्या. एक तर काचेसारखी आरपार दिसणारी हिरवी. मी मोजल्या, चौदा भरल्या. आमच्या सौभाग्यवतींनी त्यातली एक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे काय रे आणलंस? डबे तिकडेच राहिले वाटते. नुसती झाकणंच आली."

"झाकणं नाहीत आई, डिस्क आहेत. फेकायच्या."

'फेकायच्या' हा शब्द ऐकला आणि मी समोरचे वर्तमानपत्र उगाचच डोळ्यांजवळ धरले. आमच्या घरात हा शब्द त्याच्यासमोर सत्तावीस वर्षे कोणी काढला नव्हता. त्याने तो स्वतःहून काढला, तोही हसत, याचे मला नवल वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

हे कोडे उलगडायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मी व्यायामशिक्षक. लोकांच्या भाषेत पी.टी. मास्तर. १९७६ साली जिल्ह्यातल्या एका शाळेत लागलो आणि २०१५ साली निवृत्त झालो. मी तीन वर्षांचा असताना, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. माणसे मात्र जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे शाळेचे रजिस्टर हिंदीत, घरातले बोलणे मराठीत, बाजारात पोवारी कानावर पडायची आणि बैहरकडे गेले की गोंडी, असा आमचा संसार. सीमेवरच्या वाचकांना हे सांगायला नको. आपल्याकडे एकेका वस्तूला दोन-दोन नावे असतात आणि दोन्ही आपलीच असतात. क्रीडासाहित्याच्या यादीत मी 'चक्का' लिहीत असे आणि घरी त्यालाच 'थाळी' म्हणत असे. लाकडाची, कडेला लोखंडी पट्टी बसवलेली ती थाळी. मोठ्या पुरुषांची २ किलो वजनाची आणि साधारण २२ सेंटिमीटर व्यासाची, बायकांची १ किलोची.

मैदानावर पोरांना मी ओरडून सांगत असे, "ज़ोर लगाओ!" घरी स्वतःच्या मुलाला सांगत असे, "जोर लाव!" दोन्ही भाषांत मला एकच वाक्य येत होते, हीच खरी अडचण होती. पण ती कळायला अर्धे आयुष्य गेले.

जोरावर माझा विश्वास का होता? एक तर माझे दंड भरलेले होते. तारुण्यात मी २ किलोची थाळी ३६ मीटरपर्यंत नेली होती, आणि आमच्या तालुक्यात तेवढ्याने माणूस पैलवान ठरत असे. दुसरे कारण भीम. १९८८ साली दूरदर्शनवर महाभारत सुरू झाले. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू नसे. त्यातला भीम झालेले प्रवीण कुमार सोबती हे खरोखरचे थाळीफेकपटू होते. १९६६ आणि १९७० अशा दोन्ही आशियाई स्पर्धांत त्यांनी थाळीफेकीत सुवर्णपदक मिळवले होते, मेक्सिको आणि म्युनिकच्या ऑलिंपिकलाही ते गेले होते. हे मी सात वर्षांच्या मुलाला सांगितले तेव्हा त्याचे डोळे एवढे मोठे झाले. "म्हणजे बाबा, भीम तुमच्यासारखी थाळी फेकत होता?" मी म्हटले, "हो. आणि तूही फेकशील."

पडद्यावर भीम गदा उचले आणि समोरचा भुईसपाट होई. आम्ही बापलेकांनी त्यातून एवढेच घेतले की, ताकद असली की झाले. तोच माणूस खऱ्या मैदानावर अडीच मीटरच्या वर्तुळात दीड गिरकी घेऊन, तोल न जाऊ देता, कडेच्या आत थांबत असणार, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मुलगा अंगाने माझ्यावर गेला. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याची फेक तालुक्यात पहिली येऊ लागली. १९९७ च्या हिवाळ्यात पुढच्या स्पर्धेसाठी मी त्याला रोज संध्याकाळी मैदानावर नेत असे. साठ फेकी झाल्याशिवाय घरी यायचे नाही, असा नियम मीच घातला होता. एके दिवशी तो म्हणाला, "बाबा, खांदा दुखतो." मी म्हणालो, "दुखेलच. दुखल्याशिवाय वाढतं का काही?" दुसऱ्या दिवशीही तो तेच बोलला आणि मीही तेच उत्तर दिले. तिसऱ्या दिवशी तो बोललाच नाही. चाळिसाव्या फेकीच्या आसपास थाळी त्याच्या हातातून सुटून पायाशी पडली आणि तो उजवा दंड धरून खाली बसला. रडला नाही. माझ्याकडे पाहिले फक्त.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, खांद्यातला स्नायू जिथे हाडाला धरतो तिथे फाटला आहे; विश्रांतीने बराचसा भरेल, पण हे खेळ आता सोडा. परतीच्या प्रवासात गोंदियापासून आम्ही छोट्या गाडीने आलो. बालाघाट येईपर्यंत ती गाडी नेहमीच हळू चालत असे, त्या दिवशी फारच हळू वाटली. घरी आल्यावर त्याने थाळी माळ्यावर टाकली. पुढे शिकला, इंजिनिअर झाला, परदेशी गेला, लग्न झाले. आमचे बोलणे कधी तुटले नाही. पीकपाणी, तब्येत, नातवाची शाळा, सगळे होई. फक्त तो एक विषय माळ्यावर राहिला.

आणि आता सत्तावीस वर्षांनी तोच मुलगा चौदा थाळ्या घेऊन आला होता.

रात्री जेवणानंतर त्याने सगळे समजावून सांगितले. या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू जमिनीतल्या भोकात घालतात, इथे प्लास्टिकची थाळी खांबाला लावलेल्या साखळ्यांच्या टोपलीत घालायची. जो कमी फेकींत घालील तो जिंकला. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने हा खेळ नावारूपाला आणला. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमचे मैदान झाले, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ चे. हेड्रिक २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून थाळ्या काढण्यात आल्या. हे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्याकडे नदीत सोडतात, तिकडे हवेत सोडतात. भावना तीच."

मिनेसोटात त्याच्या घराजवळच्या बागेत अशा टोपल्या आहेत. खांद्यासाठी डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला म्हणून तो तिथे फिरायला जाऊ लागला. एकदा कोणी तरी हातात डिस्क दिली. पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजन. दुखऱ्या हातानेही फेकता येईल, असे त्याला वाटले. पहिल्या वर्षी ती ६० मीटर जाई. "आता १०० मीटर जाते बाबा," तो म्हणाला, "हात तोच आहे. खांदाही तोच."

मी विचारले, "मग ताकद वाढवलीस?"

"नाही. कमी केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके विरल्यावर आम्ही तिघे वैनगंगेच्या काठच्या मोकळ्या जागेत गेलो. नातू अकरा वर्षांचा. त्याने माझ्या हातात पिवळी थाळी दिली आणि म्हणाला, "आबाजी, पहिले तुम्ही." मला एकाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती, पण मास्तर होतो. मैदानावर कोणी 'पहिले तुम्ही' म्हटले की अंगात येतेच. मी दातओठ खाऊन हात मागे नेला आणि सारा जोर लावून फेकली. थाळी सुरुवातीला झपाट्याने निघाली, मग तिचे तोंड आभाळाकडे वळले, वर चढली, हवेतच दमली आणि डाव्या हाताला घसरत येऊन पडली. मी पावले मोजली. पंचवीस. नातवाने फेकली, ती माझ्या पुढे पडली. तो माझ्याकडे न पाहता नदीकडे पाहू लागला. पोराला रीत होती.

मग मुलाने फेकली. तो टोपलीच्या दिशेला, म्हणजे त्या दिवशी एका बाभळीच्या दिशेला, उजवा खांदा करून आडवा उभा राहिला. तीन पावले टाकली, जणू काही घाईच नाही. थाळी छातीजवळून सरळ मागे नेली, इतकी की क्षणभर त्याची पाठच बाभळीकडे झाली. उजवे पाऊल पुढे रोवले. आणि मग काय झाले ते मला नीट दिसले नाही. कंबर वळली, खांदा वळला, कोपर आले, आणि थाळी हातात नव्हती. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवरून ती तरंगत गेली, बाभळीच्या कितीतरी पलीकडे. त्याच्या चेहऱ्यावर जोर लावल्याची एक रेघ नव्हती.

"तुम्ही हात आधी आणता बाबा," तो म्हणाला. "हात शेवटी यायला पाहिजे."

मी चाळीस वर्षे दुसऱ्यांना शिकवलेला माणूस. ते बोलणे गोड लागले नाही. "हातानेच तर फेकायची आहे," मी म्हणालो.

तो वाद घालत बसला नाही. पाण्याच्या कडेला एक ढीवर गोल जाळे टाकत होता, त्याच्याकडे त्याने बोट दाखवले. "त्याच्याकडे पाहा."

हा देखावा मी लहानपणापासून पाहिला आहे. सिवनी जिल्ह्यातून येऊन पुढे भंडाऱ्याकडे जाणारी ही नदी, तिच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, खांद्यावर अर्धे जाळे, हातात अर्धे. पण पाहणे आणि बघणे यांत फरक असतो. त्या दिवशी बघितले. त्याने आधी पाय वाळूत घट्ट केले. कमरेतून मागे वळला. मग कंबर पुढे आली, तिच्यामागून खांदे, त्यांच्यामागून हात. हातांनी जाळे फेकले असे वाटलेच नाही, हातांनी ते जाऊ दिले. शिसे लावलेली कड हवेत पसरली आणि पाण्यावर पूर्ण गोल होऊन पडली.

आम्ही जवळ गेलो. गडी ओळखीचा निघाला, त्याची पोरे माझ्या हाताखाली शिकलेली. मी विचारले, "जाळं एवढं गोल कसं पडते रे?" तो हसला. "मास्तरजी, हातानं फेकाल तर गोळा होऊन पडते. कमरेनं फेका लागते. हात तं मागून येते आपोआप."

माझ्या मुलाने मिनेसोटात जे कष्टाने शिकले होते, ते माझ्या गावच्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या चालू होते. तिथून शंभर-दोनशे पावलांवरच्या मैदानावर मी मात्र "जोर लाव" म्हणून घसा कोरडा करीत होतो.

घरी आल्यावर मी माझी जुनी ट्रंक काढली. १९७४-७५ साली मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. ही १९१४ साली सुरू झालेली संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. तिथली माझी वही वाळवीपासून वाचली होती. थाळीफेकीचे पान उघडले. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: पाय, कंबर, खांदा, हात. खाली रेघ मारलेली. शिकवणाऱ्याने शिकवले होते, मी उतरवूनही घेतले होते. पण परीक्षा झाली, वही ट्रंकेत गेली, आणि मैदानावर मी मला जे जमत होते तेवढेच शिकवीत राहिलो. माझे दंड मजबूत होते म्हणून माझी चूक मला भोवली नाही. ती मुलाला भोवली.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही रोज सकाळी जात असू. मी शिष्य, तो गुरू. जे कळले ते इथे लिहितो, कारण ज्यांच्या घरी फेकणारे मूल आहे, मग ते थाळी फेको, भाला फेको की क्रिकेटचा चेंडू, त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, वेग जमिनीतून येतो. पाय रोवला जातो तेव्हा खालचे अंग थांबते आणि त्याची गती वरच्या अंगाला मिळते. कंबर थांबते, खांद्याला मिळते. खांदा, कोपर, मनगट, असे करत शेवटच्या कडीला सगळ्यांची कमाई एकदम मिळते. चाबकाचे तसेच. मुठीकडचा भाग हळू हलतो, आवाज शेवटच्या टोकाला निघतो. हात आधीच धावला तर मागून येणारी कमाई त्याला गाठतच नाही. मग सगळे काम एकट्या खांद्याने करायचे, आणि तो एक दिवस फाटायचा.

दुसरी गोष्ट, पकड. मी थाळी सुरुवातीपासून आवळून धरीत असे. त्याने कोपर आणि मनगट सैल ठेवायला सांगितले. बोटे शेवटच्या क्षणीच घट्ट होतात. आवळलेला हात चाबूक होत नाही, काठी होतो.

तिसरी गोष्ट, थाळीची पुढची कड. ती वर उचललेली असली की थाळी माझ्यासारखी आभाळात चढते आणि तिथेच दम सोडते. कड किंचित खाली आणि थाळी छातीजवळून सरळ रेषेत आली की ती हवा कापत जाते. शिवाय तिला स्वतःभोवती फिरण्याचा वेग हवा. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तसेच हे. उजव्या हाताने अशी फेकलेली डिस्क वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. मैदानावरची आपली जड थाळीही तशीच फिरते, तर्जनीवरून सुटताना. दोघींची जात एकच.

चौथी गोष्ट, सुटल्यावर हाताला अडवायचे नाही. त्याला अंगाभोवती फिरू द्यायचे. अडवला की राहिलेला सगळा झटका खांद्याच्या वाट्याला येतो.

ही हवेची करामत किती मोठी आहे पाहा. २०१६ साली डेव्हिड विगिन्स या तरुणाने नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याची साथ घेऊन प्लास्टिकची डिस्क ३३८ मीटर फेकली. आणि जड थाळीला तर समोरून येणारा वारा मानवतो, कारण तो तिला उचलून धरतो. जर्मनीच्या युर्गेन शुल्टने १९८६ साली केलेला ७४.०८ मीटरचा विक्रम जवळजवळ अडतीस वर्षे कोणाला मोडता आला नव्हता. तो २०२४ च्या एप्रिलात लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने मोडला, ७४.३५ मीटर. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रमोना नावाचे गाव आहे, तिथल्या वाऱ्याच्या मैदानावर. २०२५ च्या एप्रिलात त्याच गावी त्याने ती ७५.५६ मीटरवर नेली. या मुलाचा बाप विर्गिलियस अलेक्ना हाही थाळीफेकपटू, २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला. त्याची सर्वांत लांब फेक ७३.८८ मीटर. म्हणजे बापापेक्षा मुलगा पावणेदोन मीटर पुढे गेला. ही बातमी वाचली तेव्हा मी वर्तमानपत्र बराच वेळ हातात धरून बसलो. त्या बापाला काय वाटले असेल, ते मला कळू शकले. मला काय वाटले, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

पाचव्या की सहाव्या सकाळी माझी फेक चौतीस पावले गेली. मी हरखलो आणि पुढच्या फेकीला पुन्हा जोर लावला. खांद्यात चमक उठली. मी दंड चोळू लागलो तसा मुलगा धावत आला. "दुखतं का?"

"थोडं. चालायचंच."

"नाही चालायचं," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम वेगळा झाला. "दुखलं म्हणजे क्रम चुकला. दुखणं हे सांगायला येतं बाबा. त्याचं ऐकायचं असतं."

नातू थाळ्या गोळा करायला लांब गेला होता. आम्ही दोघेच होतो. मग मी ते बोललो, जे सत्तावीस वर्षे बोललो नव्हतो. म्हणालो, "तुझा खांदा मी घालवला. मला फेकायचं नीट शिकवताच येत नव्हतं."

तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला जे येत होतं ते तुम्ही शिकवलं. त्याचा मला कधी राग आला नाही. मी दोनदा म्हटलं दुखतंय, आणि तुम्ही ऐकलं नाही. राग त्याचा होता."

मी इतकी वर्षे चुकीच्या गोष्टीचे ओझे वाहत होतो. मला वाटे, माझे तंत्र चुकले. तंत्र तर कोणाचेही चुकते, ते सुधारता येते. चुकले ते कान. मला एवढेच म्हणता आले, "चुकलं माझं." हे दोन शब्द मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हटले. त्याने मान हलवली, माझ्या हातातली थाळी काढून घेतली आणि म्हणाला, "आज पुरे. उद्या हळू फेका."

दुसऱ्या दिवशी मी हळू फेकली. हात येईल तेव्हा येईल, अशा हिशेबाने. चव्वेचाळीस पावले. नातवाने मोजली, आणि मोजताना तो 'चव्वेचाळीस'वर अडखळला म्हणून इंग्रजीत सांगितले. आजोबाला चक्का, बापाला थाळी, नातवाला डिस्क. आमच्या घरात आता एका वस्तूला तीन नावे झाली.

जानेवारीत ते परत गेले. जाताना एक पिवळी डिस्क ठेवून गेले. मी माळ्यावर चढून ती जुनी लाकडी थाळी काढली. लोखंडी पट्टी गंजली होती, ती घासून तेल लावले. आता दोन्ही ओसरीतल्या कोनाड्यात शेजारी शेजारी आहेत.

संध्याकाळी मी कधीमधी शाळेच्या मैदानावर जातो. नवे मास्तर आहेत, भले आहेत, मला बोलू देतात. सराव करणारी पोरे मला पाहून उगाच छाती काढतात आणि जोर लावू लागतात. मी जवळ जातो. तंत्राचे नंतर सांगतो. आधी विचारतो, हिंदीत विचारायचे तर हिंदीत आणि मराठीत तर मराठीत, "खांदा दुखतो का रे?"

बहुतेक 'नाही' म्हणतात. मी थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा विचारतो. दुसऱ्यांदा विचारले की एखादा खरे सांगतो.